भुरीची बाजू

माणसाच्या रोगांना आपल्याकडे निदान देवळं तरी मिळाली. पटकी आली की वेशीवरच्या मरीआईची ओटी भरायची, देवी आल्या की शितळेला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी मनापासून केलं. ज्याची धास्ती वाटते त्याच्याशी बोलणं तोडू नये, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. झाडांच्या रोगांच्या नशिबी मात्र वेशीबाहेरचा दगडसुद्धा आला नाही. भुरी, तांबेरा, काणी, केवडा, करपा या मंडळींचा मुक्काम वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर, एका चौकटीत. वर ‘लक्षणे’, खाली ‘उपाय’, आणि उपायात दहा लिटर पाण्याला किती ग्रॅम त्याचा हिशेब. बाबा रे, तू मूळचा कुठला, घरी कोण कोण असतं, थंडीत तुझं कसं निभतं, अशी विचारपूस कुणीच करत नाही.

कुणीच नाही म्हणणं बरोबर नाही. ही विचारपूस करणारी माणसं आहेत, पण ती लांब आहेत. बाल्टिक समुद्रात, फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधोमध, ओलांड नावाचा द्वीपसमूह आहे. राज्य फिनलंडचं, भाषा स्वीडिश, आणि बेटं हजारोंनी. या बेटांवर खडकांच्या अधेमधे लहान लहान कोरडी कुरणं आहेत. त्या कुरणांत एक झाड उगवतं: जमिनीलगत लांबट, शिरा उठलेल्या पानांचा झुबका आणि त्यातून वर आलेल्या काडीवर तपकिरी कणीस. दिसायला काही खास नाही, पण नात्याने आपल्या फार जवळचं. ज्याचा भुसा रात्री कोमट पाण्यातून घेऊन निम्मा महाराष्ट्र सकाळची वाट पाहत झोपतो, त्या इसबगोलाचं हे सख्खं भावंड. आपण सोयीसाठी त्याला रानइसबगोल म्हणू.

या रानइसबगोलाची पानं एका ठिपकेदार फुलपाखराचे सुरवंट खातात. हेलसिंकी विद्यापीठाचे इल्का हान्स्की या फुलपाखराच्या मागे लागले आणि 1993 पासून दर शरद ऋतूत ओलांडवरच्या सुमारे चार हजार कुरणांची पाहणी सुरू झाली. विद्यार्थ्यांनी गुडघ्यांवर बसायचं, सुरवंटांची रेशमी घरटी शोधायची आणि लिहून ठेवायची. आता माणूस गुडघ्यांवर बसलेलाच आहे म्हटल्यावर त्याच्याकडून आणखी एक काम का करून घेऊ नये? 2001 पासून त्याच झाडांवर भुरी आहे का, हेही लिहायला सुरुवात झाली. आना-लिसा लाइने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या नोंदींतून भुरीचं चांगलं मोठं चरित्र उभं केलं. फुलपाखरासाठी गेलेल्या सरकारी पैशांतून भुरीची कुंडली मांडली गेली, हे मला फार आवडतं. विज्ञानात असा वरखर्च कधी कधी मुख्य खर्चाहून जास्त फळ देतो.

ही भुरी म्हणजे पानावर पांढरं पीठ सांडल्यासारखी दिसणारी बुरशी. तिचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे: ती जिवंत पानावरच जगू शकते. झाड मेलं की तिचाही कारभार आटोपला. रानइसबगोल सोडून दुसऱ्या झाडाकडे ती ढुंकून बघत नाही. इतक्या एकनिष्ठ जिवाला आपण रोग म्हणतो, हा ज्याच्या त्याच्या बाजूचा प्रश्न आहे.

आता माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला इथे एक साधा प्रश्न पडतो. भुरीचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, थोड्या दिवसांत नवी पिढी तयार होते, उन्हाळ्याच्या एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या निघतात. मग इतक्या हजारो वर्षांत एक अव्वल नंबरची भुरी का निघाली नाही? सगळ्या झाडांवर बसणारी, सगळ्या हवेत तगणारी, बाकीच्या भुऱ्यांना घरी बसवणारी? प्रत्यक्षात ओलांडच्या कुरणांत भुरीचे कितीतरी वाण आहेत. एक वाण या झाडावर बसतो, शेजारच्या झाडावर त्याची डाळ शिजत नाही. त्या शेजारच्या झाडावर दुसराच कुणी मजेत असतो. झाडांचंही तसंच. एकाला याची बाधा होत नाही, दुसऱ्याला त्याची. बाजारात एकच दुकान उरावं अशी सगळी परिस्थिती असताना हा आठवडी बाजार भरतो कसा?

याच्या उत्तराचा पहिला धागा जवसात सापडला. होय, तेच जवस, ज्याची चटणी भाकरीबरोबर खाताना आपण हृदयासाठी पुण्य जोडतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या फार्गो गावी हॅरल्ड फ्लोर नावाचा शास्त्रज्ञ जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होता. बहुतेक लोक झाडाचा संकर करतात आणि रोगाला शिव्या देतात. फ्लोरने दोघांचाही संकर केला: जवसाचा जवसाशी, तांबेऱ्याचा तांबेऱ्याशी. 1940 आणि 1950च्या दशकांत त्याने दाखवून दिलं की जवसाकडे प्रतिकाराचं एक जनुक असेल तर तांबेऱ्याकडे त्याच्या जोडीचं नेमकं एक जनुक असतं. झाडाचं जनुक बुरशीच्या एका विशिष्ट खुणेला ओळखतं. ओळख पटली की झाड त्या जागेवरच्या आपल्याच पेशी मारून टाकतं, आणि जिवंत पेशींवर जगणारा पाहुणा उपाशी मरतो. बुरशीने ती खूण बदलली किंवा टाकून दिली की झाड बेसावध. मग झाडांत दुसरी खूण ओळखणारं एखादं निघेपर्यंत बुरशीची चंगळ.

याचा पुढचा अर्थ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 साली एका लेखात मांडला. हाल्डेन म्हणजे तेच, जे 1957 साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की रोगाच्या राज्यात दुर्मीळ असण्यात फायदा आहे. ज्या प्रकारची झाडं कुरणात भरपूर, त्यांच्यावर बसता येणारी भुरी फोफावते. ती फोफावली की तीच झाडं मागे पडतात. मग आजवर ज्यांच्याकडे भुरीला लक्ष द्यायला सवड नव्हती अशी चार-दोन वेगळी झाडं पुढे सरकतात, आणि एक दिवस तीच बहुसंख्य होतात. तेव्हा कोपऱ्यात दिवस काढणारा भुरीचा एखादा जुना वाण उठून बसतो, कारण त्याला नेमकी हीच झाडं चालतात. म्हणजे जो जिंकतो तो आपल्या वैऱ्याचीच पेरणी करून ठेवतो. इथे अव्वल नंबर टिकवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तो न मिळवणं. मध्यमवर्गात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हा नियम वाचून किती बरं वाटलं ते काय सांगू!

पण शंकेखोर वाचक इथे थांबणार नाही. तो म्हणेल, ठीक आहे, एकेका खुणेचं हे कळलं. पण समजा, एखाद्या बुरशीने सगळ्याच खुणा टाकून दिल्या, सगळ्या प्रकारच्या झाडांवर बसायची सोय करून घेतली, तर? मग तिला कोण अडवणार? ऑस्ट्रेलियात यावर काम झालं, पुन्हा जवसावरच. न्यू साऊथ वेल्सच्या डोंगराळ भागात कियान्ड्रा नावाचं ओसाड गाव आहे. 1859 साली तिथे सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. सोनं संपलं तशी माणसं गेली आणि मागे उरलं रानजवस आणि त्याच्यावरचा तांबेरा. कॅनबेराचे जेरेमी बर्डन यांनी तिथलं आणि आसपासच्या डोंगरांतलं रानजवस वर्षानुवर्षं तपासलं. 2003 साली त्यांनी आणि पीटर थ्रॉल यांनी दाखवलं की ज्या तांबेऱ्याला पुष्कळ प्रकारच्या झाडांवर बसता येतं, त्याच्या बीजाणूंची पैदास कमी भरते. ज्याला थोड्याच झाडांवर बसता येतं, तो त्या थोड्या झाडांवर भरमसाट पैदास करतो.

हे मला आमच्या घरच्या प्रवासावरून लगेच पटलं. काही माणसं महाबळेश्वरला दोन दिवस जाताना स्वेटर, छत्री, गरम पाण्याची पिशवी, दशम्या, मेतकूट, टॉर्च, सुईदोरा आणि सगळ्या रोगांवरच्या गोळ्या घेऊन निघतात. कुठलाही प्रसंग येवो, त्यांची तयारी असते. फक्त गाडी सुटायच्या वेळी त्यांची शेवटची बॅग फलाटावर असते. एका पिशवीनिशी निघालेला माणूस तोवर खिडकीची जागा पकडून शेंगा सोलत बसलेला असतो. कियान्ड्राच्या आसपासही हेच दिसलं. जिथली झाडं चिवट, प्रतिकार करणारी, तिथे सामानसुमान घेऊन हिंडणारा तांबेरा वरचढ. जिथली झाडं भोळी, तिथे हलक्या पिशवीवाला. दोन्ही प्रकारच्या जागा डोंगरात आहेत, म्हणून दोन्ही प्रकारचे तांबेरे आहेत. सगळं येणाऱ्याला सगळ्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत पोरांच्या संख्येत वसूल होते.

आता परत ओलांडला जाऊ, कारण तिथे हवामानाचाही हात आहे. भुरीचे वाण वेगवेगळ्या तापमानाला वेगवेगळे वागतात, असं लाइने यांना आढळलं. गारव्यात खुलणारा वाण उबेत मागे पडतो, तर दुसऱ्याचं नेमकं उलट. त्यामुळे यंदाचा उन्हाळा कसा जाईल यावर यंदाचा विजेता ठरतो, आणि बाल्टिकमधल्या उन्हाळ्याचा भरवसा तिथली माणसंही धरत नाहीत. मग येतो हिवाळा. पानं जातात, आणि पानांवरची भुरी उघड्यावर पडते. मागे राहतात ती काळ्या बारीक ठिपक्यांएवढी कठीण कवचं. त्यांच्या आत पुढच्या उन्हाळ्याची बीजं. कवचं वसंतापर्यंत टिकली तर ठीक, नाही तर त्या कुरणातली भुरी संपली. दर वर्षी कितीतरी कुरणांतली भुरी अशी साफ होते, आणि कितीतरी कुरणांत वाऱ्याबरोबर नव्याने येऊन बसते. एका वर्षी पाहावं तर चार हजारांपैकी थोड्याच कुरणांत ती असते. रोग म्हटला की आपल्याला तो सगळीकडे असेल असं वाटतं. जवळून पाहिलं तर त्याचा संसार भाड्याच्या खोल्यांत चाललेला असतो, आणि दर थंडीत जागा सोडायची नोटीस.

या उलथापालथीत विविधतेचं मोठं हित आहे. हाल्डेन यांचा झोका एकाच कुरणात चालू राहिला असता, तर कधी तरी तो इतका लांब गेला असता की एखादा वाण कायमचा गळून पडला असता. पण कुरणं हजारो आहेत आणि त्यांचा ताल एक नाही. इथे जो वाण हरून संपला तो पलीकडच्या बेटावर अजून जिंकतो आहे, आणि वारा आला तर परत येईल. त्यात लग्नकार्याचीही सोय आहे. दोन वाण एकाच झाडावर भेटले तर त्यांच्या संकरातून हिवाळी कवचांत नव्या जुळणीची संतती तयार होते. जोडीदार भेटला नाही तर? तर ही भुरी स्वतःशीच लग्न लावून कवचं तयार करू शकते. एकटीने राहायची इतकी तयारी, आणि चार माणसांत मिसळायचीही हौस. मात्र या मिसळण्याची झाडांना किंमत पडते. एका झाडावर एकाहून अधिक वाण असले की त्यावरून बीजाणू जास्त उडतात आणि कुरणातली साथ मोठी होते, असंही ओलांडवर दिसलं.

या सगळ्यातला सर्वांत गमतीचा निष्कर्ष 2014 साली आला. बारा वर्षांच्या नोंदी मांडून पाहिल्या. कुणाचाही अंदाज असाच असता की जी कुरणं एकमेकांजवळ आहेत तिथे भुरी जास्त असणार आणि जी एकटी, आडबाजूला आहेत ती सुरक्षित असणार. नोंदी उलटं बोलत होत्या. भुरीचा जोर एकट्या कुरणांत जास्त होता. शेजारीपाजारी असलेल्या कुरणांत भुरी येत होती, पण तिला फार काळ पाय रोवता येत नव्हते. कारण तिथल्या झाडांत प्रतिकार जास्त भरला. शेजारी असले की पराग, बिया आणि त्यांच्याबरोबर नवी नवी जनुकं ये-जा करतात, रोगाशी वरचेवर गाठ पडते, आणि झाडं शहाणी होतात. दार लावून बसलेल्या कुरणाला रोग चुकत नाही, तो उशिरा येतो एवढंच. आणि आला की त्याला ओळखणारं घरात कुणी नसतं. सोसायटीच्या सभेत मी हा निष्कर्ष सांगणार होतो, पण त्या दिवशी नेमका ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असा फलक लावण्याचा ठराव चर्चेला होता.

हे सगळं मी एकदा निफाडकडच्या मामांना सांगून पाहिलं. मामांची द्राक्षबाग आहे. भुरीला ते चांगलं ओळखतात, पण त्या ओळखीत जिव्हाळा नाही.

“मामा, तिकडे फिनलंडकडे चार हजार कुरणांतली भुरी मोजतात.”

“मोजून काय करतात?”

“पुढच्या वर्षी परत मोजतात.”

“आणि औषध कधी मारतात?”

“मारतच नाहीत.”

मामांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. “अरे, इथे ढगाळ हवेत चार दिवस ब्लोअर फिरला नाही तर घडांवर पीठ दिसतं. त्यांना म्हणावं, एक हंगाम माझी बाग सांभाळायला या. मग बोलू.”

मामांचं खरं आहे, आणि त्याचं कारणही या गोष्टीतच आहे. त्यांच्या बागेतली प्रत्येक थॉमसन वेल काडी लावून किंवा कलम करून वाढवलेली. म्हणजे सगळी बाग एकच झाड आहे, शेकडो खोडांवर उभं असलेलं. एका वेलीवर चालणारी भुरी सगळ्या वेलींवर चालते. तिला ना नवी खूण लपवायची गरज, ना जादा सामान वाहायची. दुर्मीळ असण्याचा फायदा घ्यायला त्या बागेत दुर्मीळ असं कुणीच नाही. द्राक्षावरची ही भुरी मूळची उत्तर अमेरिकेतली. तिथल्या रानवेलींबरोबर तिचं जमलेलं होतं. 1845 साली इंग्लंडमध्ये मार्गेट गावच्या टकर नावाच्या माळ्याला ती काचघरातल्या द्राक्षांवर दिसली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिने फ्रान्समधले मळे असे झोडपले की वाइनचं उत्पादन पार कोसळलं. शेवटी गंधकाची भुकटी उपयोगी पडली. ती आजही मामांच्या शेडमध्ये आहे. रानात हजार प्रकारच्या झाडांनी मिळून जे काम केलं असतं, ते बागेत एकट्या गंधकाला करावं लागतं. बाग म्हणजे शेवटी माणसाचा हट्ट आहे, आणि गोड द्राक्षं खाताना त्या हट्टाविषयी माझी काही तक्रार नसते.

फक्त एवढंच की हा हट्ट चालवायला अधूनमधून रानाकडे हात पसरावा लागतो. 1970च्या सुमारास आशियातल्या भातावर एक विषाणू आला. तपकिरी तुडतुडे त्याला घेऊन हिंडत, आणि लागण झालेलं रोप खुरटून गवतासारखं व्हायचं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. कामाचा निघाला तो एकच, आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानटी भाताचा, आणि त्यातलीही थोडीच रोपं. त्या थोड्या रोपांचं जनुक गुरुदेव खुश यांनी लागवडीच्या भातात आणलं. 1976 साली आलेला त्यांचा ‘आयआर 36’ हा वाण पुढे एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर पसरला. एखाद्या नेटक्या शेतकऱ्याने भेसळ म्हणून उपटून टाकली असती अशी ती रोपं. रान नेटकं नसतं म्हणून राहिली.

अशी बियाणी आता नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या डोंगरात, 2008 साली उघडलेल्या तळघरात, उणे 18 अंशांवर ठेवतात. चांगलंच करतात. पण त्या कपाटात झाडाचं बी झोपतं, तेव्हा त्याची भुरी, त्याचा तांबेरा बाहेर जागाच असतो, आणि दर उन्हाळ्यात नवं काही शिकत असतो. पन्नास वर्षांनी बाहेर काढलेलं बी पन्नास वर्षांपूर्वीचंच भांडण भांडणार. भांडण चालू ठेवायचं असेल तर दोघांनाही मोकळ्यावर राहू द्यायला हवं: झाडालाही आणि त्याच्या रोगालाही, आणि तेही एका मोठ्या कुंपणात कोंडून नव्हे, तर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरच्या पुष्कळ लहान तुकड्यांत. बांधावर, देवराईत, रस्त्याकडेला, माळावर. रान राखायचं म्हणजे त्यातल्या पिवळ्या, ठिपकेदार, पीठ सांडलेल्या पानांसकट राखायचं.

आता हे पटवायचं कुणाला? वाघासाठी लोक टोप्या घालून धावतात, माळढोकासाठी पोस्टाचं तिकीट निघतं. ‘भुरी बचाव’ समिती काढली तर तिच्या बिल्ल्यावर चित्र कशाचं काढायचं इथपासून अडचण आहे. तरी माझी वर्गणी द्यायची तयारी आहे. पावतीपुस्तक घेऊन पहिल्यांदा मामांकडेच जायला हवं, कारण या विषयातले जाणकार तेच. फक्त ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर, बागेत ब्लोअर फिरत असताना जाऊ नये, एवढं मला कळतं.